बडोदिनाची दोन तिकिटं

“आधी ती माकडटोपी काढा. लोक म्हणतील, पिंजऱ्यातलं एक बाहेर आलंय.”

दिदी कढईतून मटारची कचोरी काढता काढता म्हणाली. जामाईबाबू स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, अंगात ऑफिसचा खाकी स्वेटर आणि हातात जेवणाचा रिकामा डबा.

“डबा कशाला घेतलात?” मी विचारलं.

त्यांनी डब्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या हातात ठेवला होता. “सवय गं, टुकु. पाय आपोआप डब्याकडे गेले.”

“आज पाय माझ्या मागनं येणार आहेत,” दिदी म्हणाली. “आणि ती टोपी?”

“टोपी राहू दे. थंडी बघ केवढी आहे.”

आमच्या कलकत्त्यात थंडी पडते कमी आणि वाजते जास्त. बाहेर छान कोवळं ऊन पडलं होतं. पण डिसेंबर लागला की आमचे पुरुष टोपी चढवतात ती वसंतपंचमीच्या सरस्वतीपूजेलाच उतरवतात. दिदीने नाद सोडला.

जामाईबाबू म्हणजे अनादी हाजरा, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी बिनलग्नाची, प्राथमिक शाळेत शिकवते आणि बेहालाला या दोघांकडेच राहते. मेव्हणीच्या नात्याने जामाईबाबूंची थट्टा करायचा मला हक्क आहे, आणि तो मी पुरेपूर वापरते. माणूस मात्र सोन्यासारखा. चिडियाखान्याच्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या, तिकीटखिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. यंदा दुर्गापूजा झाल्यावर ते निवृत्त झाले.

आता बडोदिन म्हणजे काय ते कलकत्त्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. नाताळ. पण येशूशी ज्यांचा काडीचा संबंध नाही तेही त्या दिवशी केक आणतात, संत्री घेतात, पोरांना लोकरीत गुंडाळतात आणि चिडियाखान्याच्या गवतावर जाऊन बसतात. वाघ दिसला तर दिसला, न दिसला तर घरी येऊन ‘दिसला’ म्हणून सांगतात. सगळं शहर त्या दिवशी बाहेर असतं. त्यामुळे सगळ्या शहराची जी सुट्टी, ती जामाईबाबूंची सर्वांत मरमर कामाची. पहाटे अंधारात जायचे आणि घसा बसवून घरी यायचे.

दिदीला तो बडोदिन हवा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून. शेजारच्या बायका सतरंज्या काखोटीला मारून निघाल्या की हाक मारत, “शेफालीदी, चला ना!” हिचं उत्तर ठरलेलं, “त्यांना सुट्टी मिळाली की जाऊ.” मुलगी मिठू काका-काकूंबरोबर जाऊन हत्ती बघून आली, मोठी झाली, लग्न होऊन जमशेदपूरलाही गेली. दिदीचा हत्ती राहिलाच. एरवीच्या दिवशी नेतो, असं जामाईबाबू दोन-तीनदा म्हणाले होते. “गर्दी नसते, निवांत बघता येतं.”

“निवांत तर मी घरीच असते,” दिदी म्हणाली होती.

गेल्या आठवड्यात त्यांचे जुने साहेब कुंडूबाबू घरी येऊन गेले. हंगामाचे आठ दिवस खिडकीवर बसा, नव्या पोरांना गर्दी आवरत नाही, म्हणाले. दिदीने चहा दिला आणि पदराला हात पुसत तिथेच उभी राहिली. जामाईबाबूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “नाही साहेब. यंदा मी पाहुणा.” हे वाक्य दिदीने संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ऐकवलं. दुधवाल्यालासुद्धा.

तर असे आम्ही निघालो. कचोऱ्या, दमआलू, उकडलेली अंडी, खजुराच्या नव्या गुळाचे संदेश, थर्मास, सतरंजी. वाटेत दिदीने संत्री घेतली, एकेक नाकाशी धरून. मिनीबसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही खायचं होतं. कंडक्टर ओरडत होता, “चिडियाखाना, चिडियाखाना! जनावरं वाट बघतायत, लवकर चढा!” दिदी लहान मुलीसारखी हसली.

फाटकाशी पोचलो तर रांग पार पुलापर्यंत गेलेली. फुगेवाले, कागदी भोंगे, भेळवाले, लाल टोप्या. दिदीने सतरंजी सावरली आणि रांगेचं शेवटचं टोक शोधायला लागली.

“तिकडे कुठे?” जामाईबाबू म्हणाले. “मी काय रांगेत उभा राहणार? चल.”

बाजूच्या लहान फाटकावर रामअवतार दरवान होता. त्याने कडक सलाम ठोकला. “या, या अनादीबाबू! आज वहिनीपण?”

“आणि तिकीट?” दिदीने विचारलं.

“अगं, मला कोण तिकीट मागतंय?” जामाईबाबूंची छाती स्वेटरच्या बाहेर येऊ पाहत होती.

रामअवतारने फाटक उघडून धरलं. दिदी आत आली खरी, पण मान वळवून रांगेकडे बघत आली. एका चिमुरडीने आपलं तिकीट लाल टोपीत खोचलं होतं आणि ती ते दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होती. दिदीची नजर तिच्यावरच होती. जामाईबाबूंच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

आत मात्र झकास होतं. तळ्याकाठी गवतावर एक इंच मोकळा नव्हता. बारासात गावाहून आलेल्या एका गोतावळ्याने सरकून आम्हाला जागा दिली. त्यांच्यात तीन शाली पांघरलेली एक आजी होती, ती पाखरांकडे पाठ करून माणसंच बघत होती. शेजारी दोघी जावा पदर खोचून बॅडमिंटन खेळत होत्या. फूल हवेत गेलं की चार कुटुंबं मिळून वर बघत.

दिदीने सतरंजी अंथरली, चपला नीट जोडून ठेवल्या आणि बसली. “बसा,” ती म्हणाली.

जामाईबाबू बसले. लगेच गुडघ्यावर उठले. फाटकाकडे बघायला लागले.

“तीन नंबरची रांग हलत नाहीये,” ते म्हणाले.

“जिराफ कुठे असतो हो?” दिदीने विचारलं.

“त्या बाजूला. पोरगा एकेक तिकीट फाडत बसलाय वाटतं. अरे, दोन-दोन, चार-चारच्या जोड्या आधीच फाडून ठेवायच्या! घरून काय कुणी एकटं येतं?”

“जामाईबाबू, तुम्ही जनावरं बघायला आलात की खिडकी?” मी म्हटलं.

ते ओशाळून हसले. माकडटोपीतून फक्त नाक आणि हसू तेवढं दिसत होतं. दिदीने कचोऱ्यांचा डबा काढला. झाकण उघडणार, इतक्यात गवतातून माणसांचे पाय चुकवत कुंडूबाबू धावत येताना दिसले. रामअवतारने चहाडी केलेली दिसत होती.

“अनादीदा! देवच भेटला! तीन नंबरचा प्रबीर सकाळपासून उपाशी बसलाय, चक्कर आली पोराला. फक्त अर्धा तास. तो दोन घास खातो, तोवर तुम्ही.” मग त्यांना दिदी दिसली आणि आवाज खाली आला. “म्हणजे, वहिनींची हरकत नसेल तर.”

जामाईबाबूंनी दिदीकडे पाहिलं. नको म्हणायचं त्यांच्या मनात असेलही, पण त्यांचे पाय चपला शोधत होते.

“जा,” दिदी म्हणाली.

“अर्ध्या तासात आलो. कचोऱ्या झाकून ठेव, गरम राहतील.”

ते गेले. जाताना चालले नाहीत, जवळजवळ पळाले. मला इतका राग आला की मी एक अख्खं अंडं मीठ न लावता खाल्लं.

अर्धा तास झाला, तास झाला. ऊन सतरंजीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं.

“चल, आपण जिराफ बघून येऊ,” मी म्हटलं.

“ते आले की.”

“ते येत नाहीत, दिदी. खिडकीला चिकटले ते. आता संध्याकाळी फाटक बंद होईल तेव्हाच सुटतील. तू ‘जा’ म्हणालीसच कशाला?”

“पोराला चक्कर आली होती ना.”

बारासातच्या आजीने आमचं बोलणं ऐकलं होतं. ऐकण्यासाठीच ती सरकून बसली होती. “कुठे गेले तुमचे ते?” तिने विचारलं.

“तिकिटं विकायला,” दिदी म्हणाली.

“अगं बाई! आज? बायकोला गवतावर ठेवून?” आजीला हा प्रकार वाघापेक्षा भारी वाटला. तिने लगेच सुनेला सांगितलं, सुनेने नवऱ्याला, आणि बघता बघता त्या साऱ्या गोतावळ्याला आमची दया आली. दया आली की आमच्याकडे माणसाला खायला घालतात. केकचा एक मोठा तुकडा आला. त्यात बेदाणे कमी आणि प्रेम जास्त होतं. दिदीने बदल्यात दमआलू वाढला. आजीने बोटं चाटली आणि म्हणाली, “असा दमआलू सोडून गेला? माझा नवरा तर गेंड्याच्या पिंजऱ्यातूनही परत आला असता!”

दिदी हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. मग तिने बॅडमिंटनही खेळून पाहिलं. शंखाची पांढरी आणि पोवळ्याची लाल बांगडी मनगटावर खळखळत होती, फूल मात्र एकदाही रॅकेटला लागलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, विसरली. गेला तर गेला नवरा, बडोदिन तरी मिळाला.

पण परत येऊन ती बसली नाही. धाप लागलेली, गाल लाल झालेले. तिने चपला पायात सरकवल्या.

“ऊठ, टुकु.”

“जिराफ?”

“तिकीट काढायला.”

“अगं, आपण आतच आहोत!”

“मी तिकीट काढून आत आलेले नाही,” दिदी म्हणाली. “एवढी वर्षं वाट बघितली, ती काय मागच्या दाराने यायला? आजी, डब्यांवर लक्ष ठेवाल?”

आजी म्हणाली, डब्यांवर लक्ष ठेवते, पण परत येऊन सगळं सांगायला लागेल.

बाहेर जायच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो आणि तीन नंबरच्या खिडकीपुढे बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिलो. मला वाटलं होतं ती चिडली असेल. छे! ती रांगेचीच मजा घेत होती. पुढच्या बाईचं बाळ खेळवलं, मागच्या मुलीच्या टोपीचा भाव विचारला. आणि रांग सरकतही होती झपाझप. खिडकीमागे कोण बसलंय ते कळत होतं.

मी जामाईबाबूंची ती खिडकी याआधी कधी पाहिली नव्हती. ऐकली होती मात्र पुष्कळ. रात्री जेवताना ते हातांच्या गोष्टी सांगत. जाळीवर रंगाचे इतके थर चढलेत की पलीकडचा चेहरा दिसत नाही, म्हणायचे, खालच्या फटीतून फक्त हात येतो. मग एक हात होता थरथरणारा, नव्या मुलीला घेऊन आलेल्या मुलाचा. एक होता शाईने बरबटलेला, शाळा बुडवून आलेल्याचा. एका म्हाताऱ्याचा हात दर वर्षी एकच तिकीट मागायचा, आधी दोन मागायचा. दिदी भात वाढता वाढता ऐकायची. “सगळ्या कलकत्त्याचे हात ओळखतो मी,” जामाईबाबू म्हणायचे, आणि खरं सांगते, मला ते ऐकून कौतुक वाटायचं.

आमचा नंबर आला. जाळीतून काही दिसत नव्हतं, फक्त एक माकडटोपी खाली वाकलेली. दिदीने फटीतून हात आत घातला. तळवा वर, त्यावर पैसे.

“दोन द्या,” ती म्हणाली.

आजूबाजूला भोंगे, आरडाओरडा. आवाज कुठला ओळखू येणार? टोपी हलली नाही. पैसे उचलले गेले, दोन तिकिटं तिच्या तळव्यावर पडली.

“पुढे,” जामाईबाबू म्हणाले.

मला वाटलं, आता खिडकीवर ठोसा मारून ओरडावं. दिदीने मात्र हात काढला नाही. तिकिटं तळव्यावर तशीच ठेवून ती उभी राहिली.

“पुढे चला, मावशी, मागे रांग आहे.”

मागची बाई म्हणाली, “झालं ना तुमचं? मग सरका की!”

दिदी हलली नाही. हात तिथेच.

आतला तो आवाज थांबला. मग माकडटोपी खाली खाली आली, आणखी खाली, आणि मान वाकडी करून जामाईबाबूंनी त्या हात जाईल एवढ्याच फटीतून वर बघितलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, त्यांनीच पुढे सांगितलं. एवढ्या वर्षांत एकदाही खाली वाकून कुणाचा चेहरा पाहिला नव्हता. वेळच नसायचा.

“शेफाली?”

“दोनातलं एक तुमचं आहे,” दिदी म्हणाली. “या.”

ते तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मधूनच तिच्या हाताकडे. कुंडूबाबूंचा आवाज आला, काय झालं, काय झालं म्हणून. “प्रबीरला बोलवा,” जामाईबाबू म्हणाले. “पोट भरलं असेल त्याचं. माझं भरायचंय अजून.”

रांगेतल्या बायकांना एव्हाना सगळं कळलं होतं, कारण मी सांगितलं होतं. जामाईबाबू ऑफिसच्या दारातून बाहेर आले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर तोंडात बोटं घालून शिट्टीही मारली. जामाईबाबू टोपीच्या आत लाल झाले. रामअवतार लहान फाटक उघडून उभा होता.

“या बाबू, इकडून.”

“नाही,” जामाईबाबू म्हणाले. “आम्ही तिकीट काढलंय.”

मोठ्या फाटकात तिकीट तपासणारा माणूस त्यांच्याच हाताखाली वाढलेला. तो हसून म्हणाला, “जा ना, अनादीदा!” जामाईबाबू जागचे हलले नाहीत. “आधी तिकीट फाड,” ते म्हणाले. “दोन्ही फाड. अर्धं परत दे.” तुम्ही विचाराल, मग टुकुचं काय? माझं तिकीट कुणी काढलंच नव्हतं. मी रामअवतारच्या फाटकातून आत आले आणि त्याने मला तितकाच कडक सलाम ठोकला.

त्यानंतरची दुपार मी कधी विसरणार नाही. कचोऱ्या गार झाल्या होत्या आणि गारच छान लागल्या. बारासातच्या आजीने जामाईबाबूंना समोर बसवून उलटतपासणी घेतली आणि शिक्षा म्हणून तीन संदेश खायला लावले. ते आमचेच होते. मग आम्ही जिराफ पाहिला. दिदी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की शेवटी तो मान फिरवून निघून गेला. हत्ती पाहिला. वाघ झोपला होता, त्याची शेपटी पाहिली. जामाईबाबू प्रत्येक पिंजऱ्यापाशी दिदीइतकेच नवल करत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आतलं हे सगळं त्यांनीही नीट पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पार्क स्ट्रीट. रस्ताभर दिव्यांच्या कमानी, त्याखाली माणसांचा पूर. कुणीतरी तुतारी वाजवत होतं, कुणीतरी बेसूर गात होतं, आणि सगळे एकमेकांना ओळख नसताना शुभेच्छा देत होते. दिदीने जामाईबाबूंसाठी लाल टोपी घेतली. त्यांनी ती घातली, पण माकडटोपीच्या वर. “थंडी आहे,” म्हणाले. एका पोराने त्यांच्याकडे चॉकलेट मागितलं. त्यांनी संत्रं दिलं.

पाय दुखायला लागले तेव्हा एका बंद बँकेच्या पायरीवर आम्ही बसलो. दिदी मधे. वाटेत घेतलेला केक संपला होता, पिशवीत एकच संत्रं उरलं होतं. जामाईबाबू ते सोलायला लागले. सोलता सोलता थांबले, आणि दिव्याच्या उजेडात दिदीचा हात आपल्या गुडघ्यावर उलटा करून बघायला लागले. बांगड्यांच्या खाली, मनगटाच्या आतल्या बाजूला, बोटभर भाजल्याचा जुना डाग होता.

“हा कशाचा?”

“तेल उडालं होतं.”

“कधी?”

“मिठू अंगावर पीत होती तेव्हा. बडोदिनच होता. तुम्ही यायच्या आत काहीतरी गोड तळून ठेवावं म्हटलं.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही हातांच्या गोष्टी सांगत होतात ना,” दिदी म्हणाली. रागाने नाही. हसत होती ती, आणि केकचा चुरा तिच्या ओठाला लागला होता.

जामाईबाबूंनी दोन-तीनदा नाक ओढलं, आणि मी ते थंडीवर ढकललं. मग त्यांनी संत्र्याची एक फोड सोडवली, तिच्यावरचे पांढरे दोरे नखाने काढले आणि ती दिदीच्या तळव्यावर ठेवली. तिने खाल्ली. हात पुन्हा पुढे केला. दुसरी ठेवली. समोरून सगळं कलकत्ता चाललं होतं, दिवे, टोप्या, भोंगे, खांद्यावरची झोपलेली पोरं. ते खाली वाकून, तिच्या तोंडाकडे बघत, एकेक फोड तिच्या हातावर ठेवत राहिले.

‘पुढे’ मात्र म्हणाले नाहीत.